स्पाइट आणि मॅलिस एकाच वाक्यात आले तर?

धागाकर्ती
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. दोन बहिणी आहेत. आई गेल्यावर तिची चिनी मातीची किटली धाकटीच्या वाट्याला येते, पण जीव थोरलीचा अडकलेला असतो. धाकटी न्यायला येते त्या सकाळी थोरली ती किटली आपटून फोडते आणि मग तुटलेली तोटी हातात घेऊन पुसत बसते. पुढे एकच वाक्य आहे: त्यात स्पाइट होता, मॅलिस नव्हता.

मी लिहिलं, 'त्यात खुन्नस होती, दुष्टावा नव्हता.' संपादकांनी खुन्नस खोडली आणि 'त्यात आकस होता, द्वेष नव्हता' असं केलं. मला हे दोन्ही शब्द एकाच मापाचे वाटतात. काय करू?

तळटीप
आकस नकोच. आकस एका सकाळी येत नाही, तो ठेवावा लागतो. डूख धरतात, दात ठेवतात, अढी बसते. ही सगळी ग्रजची भावंडं. ग्रजचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या कुरकुरण्यात आहे, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा ग्राउचही त्याच घरातला. स्पाइट वेगळ्या कुळातला. त्याचा उगम लॅटिनमधल्या 'खाली पाहणे' या क्रियापदात, जिथून डिस्पाइज, म्हणजे तुच्छ लेखणे, आला.
आणि द्वेष हा शब्द हेटसाठी कधीच खर्ची पडलाय.

निवृत्त मास्तर
संपादकांशी सहमत. खुन्नस हा नाक्यावरचा शब्द. असूया, मत्सर, वैमनस्य असताना हात पसरायची गरज काय?

ळ
मास्तर, असूया इथे बसतच नाही. अमरकोशात तिची व्याख्या गुणांतही दोष काढणे अशी आहे. थोरलीने कुणाचा कसला दोष काढला? मत्सर म्हणाल तर तो मनात जळत राहतो, त्यासाठी किटली फोडावी लागत नाही. नाक्यावरचा शब्द म्हणून खुन्नस बाद करायची, तर निम्मी बोलती मराठी बाद होईल.

पण खुन्नसला माझा आक्षेप निराळा आहे. खुन्नस 'देतात', म्हणजे डोळ्यांत डोळे घालून बघतात. तिला समोर माणूस लागतो. थोरली पुढे तोटी पुसत बसलीय, तिचं लक्ष बहिणीकडे नाहीच.

काळा कोट
मॅलिसबद्दल थोडं सांगतो, कारण कायद्याच्या अनुवादात मी यावर फार ठेचकाळलोय. इंग्लंडच्या कायद्यात खुनासाठी 'मॅलिस अफोरथॉट' लागतो आणि त्यात दुष्टावा असावाच लागत नाही. जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू पुरतो. वेदना बघवत नाहीत म्हणून मायेपोटी कुणाला मारलं तरी कायद्याच्या भाषेत मॅलिस आहेच.

१९५७ चा कनिंगहॅम खटला बघा. रिकाम्या घरातल्या गॅसमीटरमधले पैसे चोरायला एकाने मीटरच भिंतीतून उपटला. गॅस शेजारच्या घरात झिरपला आणि तिथे झोपलेल्या बाईच्या जिवावर बेतलं. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की कायद्यातलं 'मॅलिशसली' म्हणजे दुष्टपणे. अपिलात शिक्षा रद्द झाली: दुष्टपणा पुरेसा नाही, अशी इजा करायचा हेतू हवा, किंवा ती होऊ शकते हे दिसत असूनही धोका पत्करलेला हवा. अमेरिकेत १९६४ च्या सलिव्हन या बदनामीच्या खटल्यातला 'अ‍ॅक्चुअल मॅलिस' तर आणखी लांबचा: विधान खोटं आहे हे माहीत असणं, किंवा खरं-खोटं याची बेदरकारी. रागलोभाचा संबंध नाही.

म्हणून मॅलिस दिसला की 'दुष्ट हेतू' लिहून मोकळं होऊ नका.

धागाकर्ती
पण माझी थोरली कोर्टात नाहीये!

माजघर
थोरलीसाठी आपल्याकडे अख्खी म्हण आहे की. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. किटली तिचीच लाडकी, तीच फोडली. स्पाइट तो हाच.

तळटीप
अगदी! इंग्रजीतही चेहऱ्यावर सूड म्हणून नाक कापायची म्हण आहे, तीही स्पाइटवरच. पण वाक्यात म्हण कोंबली तर लेखिकेचा आवाज जातो.

यावरून रँकर आठवला, म्हणजे मनात मुरलेला कडवटपणा. रँकर आणि रॅन्सिड एकाच लॅटिन मुळातून आलेत, कुजका वास मारणे. मराठीत नेमका तसाच शब्द आहे: खवट. तेल खवट, दाणे खवट आणि बोलणंही खवट. दोन भाषांना एकच वास कसा आला याचं मला अजून नवल वाटतं.

निवृत्त मास्तर
खवटाशी सहमत नाही. खवटपणा स्वभावात असतो, रँकर एखाद्या प्रसंगातून येतो. माझ्या आत्या सगळ्यांशीच खवट बोलायच्या, अगदी मांजराशीही. कुणाबद्दल मनात काही नसायचं.

माजघर
मास्तर, तुम्ही आत्ता काय लिहिलंत ते पाहा. 'मनात काही नसायचं.' मॅलिस नव्हता याचं मराठी हेच आहे. आपण त्या वाइटाचं नावही घेत नाही, नुसतं 'काही' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

काळा कोट
सुरेख! लॅटिन अ‍ॅनिमस म्हणजेही आधी नुसतं मन, इंग्रजीत पुढे त्याचाच अर्थ वाकडं मन असा झाला. पण होकारार्थी वाक्यात काय कराल? 'मॅलिस होता' याला 'मनात काही होतं' चालेल? तिथे तर संशय येतो, खात्री नाही.

माजघर
'तो तिच्या वाइटावर होता.' झालं.

ळ
'वाइटावर असणे' महिनोन्‌महिने चालतं. एका कृतीला कसं लावणार?

धागाकर्ती
दुसरा भाग मिळाला: '...पण तिच्या मनात काही नव्हतं.' पहिल्या भागाला सध्या 'जिरवायची म्हणून फोडली' असं लिहून पाठवतेय.

निवृत्त मास्तर
जिरवायची म्हणजे धाकटीची ना? मग मनात काही नव्हतं कसं?

तळटीप
जिरवण्यात समोरच्याची मस्ती आधी असावी लागते. धाकटीला मस्ती होती असं कथेत कुठे आहे का? आणि मास्तर, खवटाचं अजून संपलेलं नाही. दाणे काही जन्मतः खवट नसतात, ठेवून ठेवून होतात.