झाड झालेली म्हातारी
‘तुंबाड’ या भयपटातल्या, मरण न येता झाड झालेल्या म्हातारीला आपल्याकडचे लोक हसतात, त्यांना असला सिनेमा कळत नाही, असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा संभाजीनगरला पाहिला. मागची पोरं हसली, खरंय, पण ते घाबरल्याचं हसू होतं. म्हातारी बोलायला लागली तसं थेटर गप्प. शेजारच्या मावशींनी पदराचं टोक दातात धरलं अन् पुटपुटल्या, “जीव जाईना झालाय माय तिचा.” घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी सांभाळलंय त्यांना तिथं किळस येत नाही, कालवतं आतून.

आणि ती म्हातारी मोहम्मद समदनं केलीय, नायकाचा मुलगा पांडुरंग झालेला तोच पोरगा! हे कळल्यावर मी तो सीन पुन्हा लावून नुसते तिचे डोळे बघितले.