मिंट टाकताना मोकळी जागा 'अनयुजेबल' दाखवायलीय, काय करावं?

गंगाखेडची_पोरगी
नमस्कार मंडळी. बाबांच्या सेवा केंद्रातला जुना लॅपटॉप आहे. ५०० जीबी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज १०. संध्याकाळी तो मला अभ्यासाला मिळतो. विंडोज काढता येत नाही, डिजिटल सिग्नेचरचं टोकन अन् अंगठ्याचं मशीन त्यावरच सेट केलेलं आहे. म्हणून शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) टाकायलेय. डी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ८० जीबी मोकळी केली, पण इन्स्टॉलरमध्ये ती जागा 'अनयुजेबल' (वापरता न येणारी) दिसायलीय, अधिकचं (+) बटण दबतच नाही. विंडोजमधून पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करायला गेले तर "डिस्क डायनॅमिक होईल, चालेल का?" असं विचारायलंय. येस करू का?

जालनेकर४३१
सगळं फॉरमॅट मारा अन् मोकळे व्हा.

लातूरचा_पेंग्विन
ताई, येस दाबू नका! डायनॅमिक (विंडोजची वेगळीच डिस्क-मांडणी) झाली की मिंटच्या इन्स्टॉलरला त्या डिस्कवर काम करता येत नाही. अन् विंडोजमधून परत बेसिक (साधी) करायची तर आधी सगळे व्हॉल्यूम (ड्राइव्ह) उडवावे लागतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून ओळीनं काय दिसतंय ते लिहा. (जालनेकर, बाबांच्या टोकनचं तुम्ही बघता का मग?)

गंगाखेडची_पोरगी
सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, रिकव्हरी, डी. मग काळ्या पट्टीची मोकळी जागा. पहिल्या चारही प्रायमरी आहेत.

लातूरचा_पेंग्विन
सापडलं. तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे, तिच्यात प्रायमरी (मुख्य) पार्टिशन चारच बसतात. रान पडीक आहे, पण सातबाऱ्यावर पाचव्या नावाला रकानाच नाही. डी कितीही श्रिंक केला तरी हेच होणार.

इलाज असा. डीमधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, अन् दोन-चार फायली उघडून बघा. डीवर एखादं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर आधी सांगा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवून ठेवायची सोय) बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून जीपार्टेड (पार्टिशन करायचं सॉफ्टवेअर) उघडा. डी डिलीट करा, तेवढ्या अन् मोकळ्या अशा सगळ्या जागेचं एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा, त्याच्या पोटात दोन लॉजिकल: एक एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट, नवा डी), एक ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट, मिंटसाठी). लॉजिकलचे नंबर ५ पासून सुरू होतात, गोंधळू नका. सी, रिकव्हरी अन् सिस्टम रिझर्व्ह्डला हात लावायचा नाही.

इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' (पार्टिशन स्वतः निवडायचा पर्याय) घ्या, ईएक्सटी४ ला रूट (/, म्हणजे मिंट बसायची जागा) द्या. बूटलोडर (चालू होताना मिंट की विंडोज ते विचारणारा प्रोग्राम) डिस्कवर टाकायचा, पार्टिशनवर नाही.

अंबाजोगाई_टेक
एवढा खटाटोप कशाला? एमबीआरची जीपीटी (नवी पद्धत) करून टाका, विंडोज १० मध्येच त्याची सोय आहे. १२८ पार्टिशन बसतात.

लातूरचा_पेंग्विन
ती सोय तीनपेक्षा जास्त प्रायमरी असले की नकार देते, म्हणजे डी उडवावाच लागतो. वर बूट मोड बदलून यूईएफआय (लॅपटॉप चालू व्हायची नवी पद्धत) करायचा, तो जुन्या लॅपटॉपला जमेल का कुणास ठाऊक. केंद्राच्या रोजच्या मशीनवर हा उद्योग मी तरी करणार नाही.

गंगाखेडची_पोरगी
डीवर फक्त फोटो अन् पावत्या आहेत. पण लाइटचं काय? बॅटरी पार गेलीय, चार्जर काढला की बंद पडतो.

लातूरचा_पेंग्विन
म्हणूनच डिलीट करून नवं करायला सांगितलं. त्यात फक्त पार्टिशनचं टेबल अन् वरवरचा फॉरमॅट लिहिला जातो, मिनिटभराचं काम. भरलेलं पार्टिशन सरकवायला तासनतास लागतात, मधेच लाइट गेली की डेटा गेला. तरी इन्व्हर्टरच्या प्लगवरच करा.

अजून एक. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर पुढं यूईएफआय लिहिलेला घेऊ नका, साधा घ्या. नाहीतर इन्स्टॉलर ईएफआय पार्टिशन (यूईएफआयला लागणारं) मागत बसेल.

जालनेकर४३१
बरं, माझं फॉरमॅट राहू द्या. पण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेत. नेटचं काम मिंटवरच करत जा.

गंगाखेडची_पोरगी
झालं! मिंट चालू झालं. फक्त विंडोजमध्ये डीचं अक्षर बदलून ई झालंय, बाबांचे शॉर्टकट उघडेनात.

लातूरचा_पेंग्विन
डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर परत डी करा. डी डीव्हीडी ड्राइव्हनं घेतलं असेल तर आधी त्याला दुसरं अक्षर द्या.