घरी सुरी घडवलीय? पाणी देतानाचा अनुभव सांगा

कोथरूड
सुरुवात मीच करतो. जुन्या बाजारातून झिजलेली कानस आणली. कानशीचं पोलाद सुरीला उत्तम, पण इतकं कडक की करवत नुसती घसरते. म्हणून ती लालभडक तापवून राखेच्या डब्यात पुरली, रात्रभर निवू दिली. सकाळी करवत लागली. घासून आकार काढण्यात तीन रविवार गेले.

खरी धाकधूक पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना. लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात, पण मी तेल घेतलं. साध्या पाण्यात पातं एकदम निवतं आणि तडकू शकतं. गच्चीवर विटांची भट्टी, शेजारी उंच स्टीलच्या डब्यात कोमट खाद्यतेल, आणि झाकण हाताशी, कारण तेल पेटतं. तापमान ओळखायला चुंबक. साधारण 770 अंशांना चुंबक चिकटेनासं होतं. त्यानंतर किंचित आणखी तापवलं आणि टोकाकडून सरळ खाली बुडवलं. तिरकं गेलं तर पातं वाकतं. निवल्यावर दुसरी कानस फिरवली, ती काचेवरून जावी तशी घसरली. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

कडक झालेलं पातं ठिसूळ असतं, म्हणून लगेच ओटीजी ओव्हनमध्ये 200 अंशांना एकेक तास, दोनदा. पातं फिकट सोनेरी झालं.

धायरी
तो ओटीजीचा टप्पा कुणीही गाळू नका. मी ‘उद्या करू’ म्हणून पातं तसंच ठेवलं. रात्री ते ओट्यावरून फरशीवर पडलं आणि दोन तुकडे झाले. मोडलेली कड करड्या साखरेसारखी रवाळ दिसत होती. महिन्याभराची मेहनत होती, फार वाईट वाटलं.

कसबा पेठ
आमचे आजोबा लोहारकाम करायचे. धार लावताना ते पात्यावरचा रंग बघत. ग्राइंडरवर कडेला निळी झाक आली की म्हणत, “पाणी उतरलं.” तेवढी जागा मऊ पडते, धार टिकत नाही. मी शेजारी पाण्याची बादली ठेवते आणि पातं उघड्या हातात धरते. बोटांना चटका जाणवला की लगेच बुडवायचं. शेवटची धार मात्र दगडावरच, सावकाश.

निगडी
मी भंगारातला ट्रकचा पाटा (चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी) घेतला होता. पोलाद चांगलं, पण वर्षानुवर्षं लवून त्यात केसासारखी चीर पडली होती, ती मला दिसलीच नाही. तेलात घातल्यावर ‘टिक’ असा आवाज आला आणि चीर धारेपर्यंत उघडली. आता नवी पट्टीच आणतो.

हडपसर
मुठीबद्दल लिहिते. जुन्या पलंगाच्या पायाचं शिसम, बोहरी आळीतून आणलेली पितळी सळई, आणि अराल्डाइट. क्लॅम्प लावून पूर्ण दिवस सुकू दिलं. शिसम घासताना मास्क हवाच, भुकटीने घसा धरतो. वरून जवसाच्या तेलाचे तीन हात.

सुरी स्टेनलेस नाही, त्यामुळे लिंबू चिरून तशीच ठेवली की तासाभरात काळे डाग पडतात. सासूबाईंना आधी ते आवडलं नव्हतं. आता कोथिंबीर चिरायला त्या हीच सुरी मागतात, आणि काम झालं की स्वतःच पुसून पात्यावर गोडेतेलाचं बोट फिरवून ठेवतात.