सल्ला हवा : नाव नसलेली जुनी पोलादी रेसिंग सायकल कोणत्या कारखान्याची असावी?

परळकर : मामा मुंबई बंदरात नोकरीला असताना त्यांनी एका परदेशी खलाशाकडून विकत घेतलेली रेसिंग सायकल आमच्या चाळीतल्या पोटमाळ्यावरून खाली काढली आहे. संपूर्ण फ्रेमवर ब्रशने निळा रंग फासलेला असून कुठेही नाव किंवा चित्र नाही. हँडलखालच्या पुढच्या पाइपवर, जिथे कंपनीची पट्टी असते तिथे, एकाखाली एक अशी दोन बारीक भोके आहेत. मागचे चाक बसते त्या खाचेवर 'कॅम्पॅन्योलो' असा उठाव आहे, गिअरचे दांडे पट्ट्याने आवळलेले आहेत आणि चाके २७ इंची आहेत. ही कोणी बनवली हे कसे शोधावे आणि मुंबईत कोणाला दाखवावी? दुरुस्तीसकट माझी मर्यादा सहा हजार रुपयांची आहे.

पार्लेकर_राईडर : खाचेवर कॅम्पॅन्योलो या सुटे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीचे नाव आहे म्हणजे सायकल इटालियनच. माझ्याकडे कोलंबस या इटालियन कंपनीच्या पाइपची इटालियन फ्रेम आहे आणि तिच्यावरही हाच उठाव आहे. मी सगळे सुटे भाग बाहेरून मागवले, त्याला चाळीस हजारांच्या वर खर्च आला. पण मरीन ड्राइव्हवर लोक थांबून चौकशी करतात. आपणही खर्चाकडे पाहू नका.

व्हर्नियर : त्या खाचा कॅम्पॅन्योलो इतर कारखान्यांनाही विकत असे आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या असंख्य फ्रेमना त्या जोडलेल्या आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून देश ठरत नाही. सुटे भाग पन्नास वर्षांत कितीही वेळा बदलले जातात. फ्रेमचे आटे बदलत नाहीत. प्रथम काहीही न उघडता सीटखालच्या उभ्या पाइपची बाहेरची जाडी मोजा : जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये ती बहुधा २८ मि.मी. असते, इंग्लिश आणि इटालियनमध्ये २८.६. रंगाचा थर जाड असेल तर तो हिशेबात धरा. मग पेडलचा दांडा फिरतो त्या आडव्या नळीची रुंदी घ्या. इटालियन नळी ७० मि.मी. रुंद, इंग्लिश आणि फ्रेंच ६८. शेवटी त्या नळीत आट्यांनी बसवलेला बेअरिंगचा उजवा कप सोडवा. तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटला तर उलटे आटे, म्हणजे इंग्लिश माप. इटालियन आणि बहुतेक फ्रेंच फ्रेमचे उजवे कप नेहमीच्याच दिशेने सुटतात. हट्टी कपाला हातोडी लावू नका, रॉकेल टाकून रात्रभर ठेवा.

दादर_जुना : मागच्या चिमट्याच्या आतले अंतरही मोजावे. १२० मि.मी. असेल तर ते पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याचे), १२६ असेल तर सहा-सात चकत्यांचे, म्हणजे नंतरचे.

भायखळा_वर्कशॉप : रंगाऱ्याकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. माझी फ्रेम एका दुकानात रंगायला दिली होती. त्यांनी वाळूचा मारा करून खालच्या नळीवरचा क्रमांक जवळजवळ पुसून टाकला आणि वर दोन महिने रखडवले. ओळख तिथेच संपली.

लालबागचा_घाटवीर : परदेशी कशाला? वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, तिथलीच असेल. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक मी लहानपणापासून पाहिले आहेत आणि घाटाचा राजा ठरणाऱ्याचा मान काय असतो तेही जाणतो.

व्हर्नियर : हिंदचा अभिमान मलाही आहे, परंतु कॅम्पॅन्योलोच्या खाचा असलेली रेसिंग फ्रेम तिथून आली असावी असे मानायला वाव दिसत नाही.

ठाणे_२७इंच : मूळ प्रश्न चाकांचा आहे. २७ इंची रिमचा व्यास ६३० मि.मी. आणि हल्लीच्या ७००सी मापाचा ६२२, म्हणजे ब्रेकचे रबर फरकाच्या निम्मे, फक्त चार मि.मी. खाली घ्यावे लागते. मी दोन्ही वापरली आहेत. चाकेच बदलून टाका, फ्रेमचे नाव काहीही असो.

पार्लेकर_राईडर : आटे मोजणे ठीक आहे, पण खाचेवर लिहिलेले आहे ते आहेच.

परळकर : सर्वांचे आभार. पाइप २८.६, नळी ६८ मि.मी., मागचे अंतर १२० आणि उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटला. आटे इंचाला २४ भरले. सीटचा दांडा २७.२ मि.मी. आहे. नळीच्या तळाला पाच आकडी क्रमांक आहे, अक्षर एकही नाही.

व्हर्नियर : म्हणजे इटालियन आणि फ्रेंच बाद. रॅले ही मोठी इंग्लिश कंपनी आपल्या नॉटिंगहॅमच्या बऱ्याच सायकलींना इंचाला २६ आटे ठेवत असे, त्यामुळे तीही शक्यता कमी झाली. २७.२चा दांडा बसतो याचा अर्थ उभ्या पाइपची भिंत वरच्या टोकाला पातळ आहे, आणि तसा पाइप रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या इंग्लिश पोलादाचा किंवा त्याच दर्जाचा असतो. जपानी कारखानेही इंग्लिश माप वापरत, तरी मामांचा खलाशी आणि पट्टीची भोके पाहता इंग्लंडमधल्या एखाद्या लहान कारागिराची फ्रेम असावी असे माझे मत आहे. आता अंधारात टॉर्च अगदी आडवी धरून निळ्या रंगावरून फिरवा. खाली जुन्या अक्षरांच्या कडा असतील तर त्या उठून दिसतील. दोन भोकांमधले अंतर नोंदवा, कारण पट्टी जुळवायला तेच उपयोगी पडेल. रंग मात्र काढू नका.

दादर_जुना : सहमत. टॉर्च आडवी धरून पाहावे. रंग काढू नये.

परळकर : टॉर्चखाली तिरक्या पाइपवर एक वळणदार अक्षर दिसते, बहुधा 'एच', पुढचे काही वाचता येत नाही. परंतु त्याच पाइपच्या खालच्या अंगाला रंगाचे पोपडे सुटले असून आत गंज धरला आहे, आणि परळच्या दमट हवेत दुसरा पावसाळा तो तसाच राहू देणे मला पटत नाही. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, अक्षराची छायाचित्रे काढली, भोकांमधले अंतर लिहून ठेवले. आता वाळूचा मारा न करता हाताने घासून त्याच निळ्या छटेत रंगवून घेणार आहे, आणि शोध पूर्ण होण्याची वाट न पाहता सायकल चालवायला काढणार आहे. चाकेही २७ इंचीच ठेवतो. टायर कोणता घ्यावा?

भायखळा_वर्कशॉप : माझा विरोध कायम आहे. निदान रंगाऱ्यासमोर स्वतः उभे राहा आणि क्रमांकाच्या जागी चिकटपट्टी लावूनच काम सुरू करू द्या.

ठाणे_२७इंच : टायरच्या कडेवर '३२-६३०' (रुंदी ३२, व्यास ६३० मि.मी.) छापलेले पाहूनच पैसे द्या. ६२२चा टायर या रिमवर चढणार नाही.