वेबसाइट नसली तरी चालतं
वर कुणीतरी लिहिलंय की वेबसाइट असल्याशिवाय गिऱ्हाईकाकडून ऑनलाइन कार्डाने पैसे घेता येत नाहीत, तर तसं काही नाहीये. आमची वहिनी घरून फराळ विकते, ती पेमेंट लिंक बनवून व्हॉट्सॲपवर टाकते, गिऱ्हाईक कार्ड नंबर टाकतं, ओटीपी येतो, झालं! सुरुवातीला पॅन, बँक खातं, केवायसी एवढं लागलं. लिंक देणाऱ्या पेमेंट कंपनीची फी साधारण २ टक्के धरा, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५००० च्या ऑर्डरला ११८ रुपये गेले, ते चकलीच्या भावातच धरा नाहीतर मग रडत बसाल (आम्ही पहिल्या दिवाळीला बसलो होतो). पैसेही लगेच नाही, दोनेक दिवसांनी जमा होतात. आणि हो, गिऱ्हाईकाचा कार्ड नंबर स्वतःकडे साठवायचा नाही, ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने बंदच केलंय ते.