मदत हवी आहे : गिटारच्या टॉपचा मधला सांधा वर-खाली चिकटला

अकूस्टिक गिटारच्या टॉपसाठी (पुढची दर्शनी फळी) स्प्रूसच्या (मऊ लाकूड) दोन फळ्या जोडल्या आहेत. प्रत्येक फळी 4 मिमी जाड, 215 मिमी रुंद. गोंद टाइटबाँड ओरिजिनल. गळ्याकडे सांधा बरोबर बसलाय, पण खालच्या टोकाकडे एक फळी चढत जाऊन शेवटी 0.6 मिमीची पायरी झाली आहे. फट दिसत नाही. रोझेटची (ध्वनिछिद्राभोवतीची नक्षीदार कडी) खाच अजून पाडलेली नाही. शेवटची जाडी 2.8 मिमी हवी. सांधा इस्त्रीने गरम करून उकलावा का?

प्रतिसाद १
उकलायची गरज दिसत नाही. 4 मधून 0.6 गेले तरी दोन्ही बाजू सपाट होऊन 3.4 उरतात, म्हणजे 2.8 ला भरपूर वाव आहे.

आधी एक तपासा. सरळपट्टी सांध्यावर आडवी धरा. नुसती पायरी असेल तर दोन्ही फळ्या एकमेकींना समांतर दिसतील. पट्टीखाली कोन दिसला तर मात्र कडा तिरकी तासली गेली आहे, आणि ते जाडी कमी करून सुटत नाही.

सांधा तपासायला खालच्या टोकाची 10 मिमीची आडवी पट्टी कापा (टॉपच्या आकाराबाहेरची) आणि सांध्यावर मोडून पाहा. लाकूड फाटलं तर सांधा उत्तम. गोंदाच्या रेषेवर स्वच्छ सुटली तर तो सांधा ठेवू नका.

धागाकर्ता
पट्टी लाकडातच फाटली, कोनही नाही. रंधा कसा मारू? सांध्याजवळ एका बाजूला तंतू उपटतायत.

प्रतिसाद १
ते होणारच. एकाच लाकडाचे दोन काप पुस्तकासारखे उघडून जोडलेल्या फळ्यांत तंतू पृष्ठभागाला किंचित तिरके असले, तर दोन्हीकडे त्यांची दिशा उलट असते. म्हणून डाव्या फळीवर गळ्याकडून शेपटीकडे रंधा नीट चालत असेल, तर उजवीवर शेपटीकडून गळ्याकडे चालवा. पातं ताजं धारेचं, काप अगदी पातळ. वाळलेला गोंद आधी पटाशीने काढा, नाहीतर पात्याला खड्डे पडतील. आतली बाजू आधी सपाट करा, मग ती खाली ठेवून दर्शनी बाजू. शेवटचे 0.2–0.3 मिमी सपाट ठोकळ्यावर 80 चा सँडपेपर लावून काढा. स्प्रूसवर स्क्रेपर नको, मऊ रेषा दबतात आणि कडक रेषा वर राहतात.

प्रतिसाद २
एक भर. हे जोडल्याच्या दिवशीच करू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगतं. तेव्हाच सपाट केलं तर सुकल्यावर तिथे बारीक घळ दिसते. किमान 24 तास थांबा.

सांधा खराब निघाला असता तरी इस्त्रीपेक्षा करवत बरी. उकललेल्या कडेवर जुना गोंद राहतो, आणि त्या थरावर नवा टाइटबाँड धरत नाही. सांध्यावरून कापून कडा पुन्हा रंधल्या तर दर बाजूला 1–1.5 मिमी जातात; 215 मध्ये ते चालतं, खालचा पसारा (गिटारचा सर्वात रुंद भाग) 400 मिमीचा असला तरी. (सरसाचा सांधा असेल तर गोष्ट वेगळी, तो ऊब आणि ओलाव्याने सुटतो आणि जुन्या थरावरही नवा सरस धरतो.)

धागाकर्ता
पुढच्या वेळी फळी सरकू नये म्हणून?

प्रतिसाद २
ओला गोंद वंगणासारखा वागतो, त्यात बाजूने दाब आला की पातळ फळी वर उचलते. खाली मेणकागद, सांध्यावर मेणकागद आणि सरळ जाड पट्टी, ती आधी क्लॅम्पने हलकी दाबा. बाजूच्या पाचरा त्यानंतर. पाचरा ठोकताना दोन्ही टोकांना बोट फिरवून पायरी तपासा. पहिली काही मिनिटंच ती हाताने बसवता येते.