ढेकूण घाणीमुळे होत नाहीत
काही जण ढेकणांचा दोष अस्वच्छतेला देतात, ते पटत नाही. त्यांना ओढतो आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब. पसारा फक्त लपायला जागा देतो. घरात येतात ते बहुधा प्रवासाच्या बॅगेतून, नाहीतर स्वस्तात घेतलेल्या जुन्या पलंगातून.

आमच्या जळगावकडे मे महिन्यात गाद्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात टाकतात. उपयोग होतो, पण अर्धवट. पारा ४५ला गेला तरी जाड गादीच्या पोटात तेवढी धग पोचत नाही, आणि हे लबाड सावलीकडे सरकतात. अंड्यांसकट मारायला ५० अंशांच्या आसपास उष्णता आतपर्यंत लागते. चादरी, अभ्रे कढत पाण्यात धुवा, बाजेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. खोली बंद ठेवून उपाशी मारू म्हणाल, तर ते कित्येक महिने तग धरतात. रॉकेल मात्र नकोच, आग लागायची.